भटक्या पूर्वजांचा शोध

(बुद्धविहारातील रविवारच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला सरळच विचारले, “इंग्लंड-आयर्लंडातल्या कोणा माणसाचा पणजोबा घरात राहत होता की गाडीत राहत होता, याच्याशी आपल्याला काय कर्तव्य?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर प्रारंभीच देऊन मी मोकळा होणार नाही. इतकेच म्हणतो की, ज्या समाजाची हकीकत त्याला हुसकावून लावणाऱ्यांनीच लिहून ठेवली, त्या समाजातील माणूस आपल्या पूर्वजांचा माग काढू लागला म्हणजे त्याला कोणत्या कागदांतून वाट काढावी लागते, हे या सभेत बसलेल्या माणसांना इतरांपेक्षा लवकर उमगेल. आडनावात किती गोष्टी दडलेल्या असतात आणि ते बदलताना घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात काय काय येऊन जाते, हे तुम्हांला मी सांगावे असे नाही.

इंग्लंडात वंशशोधन हा फार मोठा छंद आहे. एके काळी लोक हा उद्योग करीत तो कोणा सरदार-उमरावाशी आपले नाते जुळते का हे पाहण्यासाठी. आता तसे राहिलेले नाही. खाणीत काम करणारा आजा, परक्याच्या घरी मोलकरीण म्हणून राबलेली पणजी, दरिद्री लोकांच्या सरकारी आश्रयगृहात मेलेला खापरपणजा, यांचीही नावे लोक आस्थेने शोधतात. अशा शोधकांपैकी काहींच्या मनात एक निराळीच शंका असते. आपले पूर्वज ‘ट्रॅव्हलर’, म्हणजे घरदार सोडून गाडी आणि पाल घेऊन फिरणाऱ्या लोकांपैकी तर नव्हते?

एक उदाहरण घेऊ. ते मी रचलेले आहे, कोणा एका व्यक्तीचे नव्हे. पण त्यातील प्रत्येक धागा अशा शोधात नेहमी आढळणारा आहे. इंग्लंडच्या मध्यभागातील एका शहरात एक शिक्षिका राहते. तिची आजी आपल्या माहेरच्या माणसांविषयी कधी अवाक्षर काढीत नसे. फार विचारले तर “ती फिरती माणसे होती” एवढेच म्हणे आणि विषय बदली. आजीच्या पेटीत एक जुने छायाचित्र सापडले. त्यात चाकांवरच्या लाकडी घरापुढे एक बाई उभी आहे, पायाशी टोपल्या आहेत. शिवाय आजी नातवंडांना लाडाने ‘चॅवी’ म्हणत असे. एवढ्या सामग्रीवर ही शिक्षिका कामाला लागते.

प्रथम हे ट्रॅव्हलर कोण ते पाहू, कारण या एका शब्दाखाली निरनिराळे लोक येतात. इंग्लंड आणि वेल्समधील रोमानी लोक हे त्यांतील एक. त्यांना बाहेरचे लोक ‘जिप्सी’ म्हणत आले. हा शब्द ‘इजिप्शियन’ या शब्दाचा अपभ्रंश आहे, कारण ते इजिप्तहून आले असा युरोपात समज होता. काहींना तो शब्द शिवीसारखा लागतो, काही इंग्रज रोमानी तो स्वतःच अभिमानाने वापरतात. दुसरे आयर्लंडचे ट्रॅव्हलर आणि तिसरे स्कॉटलंडचे. या दोघांचा उगम निराळा आहे, त्याकडे मी पुढे येईन.

रोमानी लोक मुळात इजिप्तचे नव्हते, हे त्यांच्या भाषेने उघड केले. १७८२ साली र्‍युडिगर नावाच्या जर्मन विद्वानाने एका रोमानी बाईकडून तिची भाषा ऐकून घेतली, तिची हिंदुस्थानीशी तुलना केली आणि ही भाषा हिंदुस्थानातील आहे असे प्रसिद्ध केले. तुम्हीच ऐका. त्यांच्या भाषेत पाण्याला ‘पानी’ म्हणतात, नाकाला ‘नाक’, कानाला ‘कान’, काळ्याला ‘कालो’, माणसाला ‘मानुश’. सूर्याला ते ‘खाम’ म्हणतात. तोच संस्कृत ‘घर्म’ शब्द आपल्याकडे ‘घाम’ होऊन राहिला आहे. ख्रिस्ती क्रूसाला त्यांनी ‘त्रुशुल’ हे नाव दिले आणि पाद्र्याला ‘राशाय’, म्हणजे ऋषी. धर्म नवा, शब्द जुने! आणि आपल्या शिक्षिकेच्या आजीचा ‘चॅवी’ हा शब्द रोमानी ‘चावो’, म्हणजे मूल, यावरून आलेला. आपला ‘छावा’ हा शब्द त्याच कुळातला. ज्यांनी मराठी भाषेच्या घडणीवर मोलाचा ग्रंथ लिहिला ते फ्रेंच पंडित झ्यूल ब्लॉक यांनी १९५३ साली या लोकांवरही एक छोटे पुस्तक लिहिले, हा योगायोग नव्हे.

या लोकांचे स्वतःचे नाव ‘रोम’. हा शब्द आपल्याकडील ‘डोम’ या शब्दावरून आला असे बहुतेक भाषापंडित मानतात. डोम म्हणजे कोण, हे उत्तर हिंदुस्थानातील कोणत्याही स्मशानघाटावर विचारावे.

हे ऐकताच ‘म्हणजे ती आपलीच माणसे!’ असे म्हणून आपल्यातील काहींचे मन धाव घेईल. माझेही घेतले होते. परंतु थोडे थांबले पाहिजे. त्यांचे पूर्वज सुमारे हजार ते दीड हजार वर्षांपूर्वी येथून निघाले. वाटेत इराण, आर्मेनिया, ग्रीस अशा देशांतून त्यांनी शब्दही घेतले आणि माणसेही घेतली. त्यांची भाषा मूळची मध्य हिंदुस्थानी बोलींच्या गटातील असून पुढे तिच्यावर वायव्येकडील बोलींचा संस्कार झाला, असे राल्फ टर्नर यांनी १९२६ साली दाखविले. त्यांतील एकेक कुटुंब आपल्या लमाणांशी किंवा अमुक एका जातीशी जोडून देण्याची जी हौस आपल्याकडे दिसते, तिला पुरावा नाही. नाते आहे, पण ते फार दूरचे आहे, आणि ते हक्काने सांगण्यापूर्वी त्या लोकांवर काय गुजरले ते ऐकून घेतले पाहिजे.

स्कॉटलंडच्या राजदरबाराच्या हिशेबात १५०५ साली ‘इजिप्शियन’ लोकांना पैसे दिल्याची नोंद आहे. तेव्हा ते कौतुकाचे पाहुणे होते. पंचवीस वर्षांत कौतुक संपले. १५३० साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा करून त्यांना देश सोडून जाण्यास सोळा दिवसांची मुदत दिली. १५५४ च्या कायद्याने, मुदतीनंतर जो राहील त्याला मृत्युदंड सांगितला. १५६२ च्या कायद्याने तर त्यांच्यात मिसळून राहणाऱ्यांना आणि त्यांच्यासारखा वेष व बोली करणाऱ्यांनाही तीच शिक्षा ठेवली. हा कायदा १७८३ पर्यंत पुस्तकात होता. विचार करा, सव्वादोनशे वर्षे ‘तू कोण?’ या प्रश्नाचे खरे उत्तर हाच अपराध होता. पुढे फासाची भीती गेली, दंडाची आली. १८२४ च्या भटकेपणाच्या कायद्याने भविष्य सांगणारा आणि उदरनिर्वाहाचे साधन न दाखविता तंबूत वा गाडीत झोपणारा माणूस गुन्हेगार ठरविला. १८३५ च्या रस्त्यांच्या कायद्याने रस्त्याकडेला मुक्काम ठोकणाऱ्या जिप्सीला चाळीस शिलिंगपर्यंत दंड ठेवला.

म्हणून आजी बोलत नसे. तिचे मौन हा स्वभाव नव्हता. तिच्या पाच-सात पिढ्यांनी शिकलेला तो धडा होता.

आता कागदांकडे वळू. वंशशोधनाचा पहिला नियम असा की जिवंत माणसापासून आरंभ करावा आणि एकेक पायरी मागे जावे. मध्येच एखादा आवडीचा पूर्वज धरून त्याच्यापासून खाली उतरू नये. इंग्लंड व वेल्समध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून होते. चर्चमधील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या वह्या १५३८ पासून ठेवण्याचा हुकूम आहे. दर दहा वर्षांच्या शिरगणतीचे नावनिशीवार तक्ते १८४१ पासून मिळतात. शिक्षिका आजीचा जन्मदाखला मागविते. बापाच्या धंद्याच्या रकान्यात ‘फेरीवाला’ असे लिहिलेले असते. आजीच्या आईच्या विवाहाच्या नोंदीत नवऱ्यामुलाचा बाप ‘खुर्च्यांच्या बैठकी विणणारा’ असतो. आणखी मागे ‘टोपल्या करणारा’, ‘कपडे वाळविण्याचे लाकडी चिमटे करणारा’, ‘चाकूसुऱ्यांना धार लावणारा’, ‘घोड्यांचा दलाल’ असे शब्द येऊ लागतात.

यांतील कोणताही एक शब्द पुरावा नव्हे. इंग्लंडात हजारो स्थायिक माणसे टोपल्या विणीत आणि हजारो फेरी करीत. आडनावांचेही तसेच. बॉसवेल, लव्हरिज, बकलंड, हर्न, ली, स्मिथ, कूपर ही रोमानी कुळांत फार आढळणारी आडनावे आहेत. पण स्मिथ हे तर साऱ्या इंग्लंडातले सर्वांत सामान्य आडनाव. आपला शोधक येथेच फसतो. त्याला स्मिथ सापडला, टोपली सापडली, की तो आनंदाने आरोळी ठोकतो. स्वतःच्या नावांत मात्र पुष्कळदा खूण असते. केझिया, सिन्फी, मिझेली, हेझेकाया, प्लेटो, लिबर्टी, अशी नावे एकाच घरात तीन पिढ्या फिरत असली तर लक्ष द्यावे.

याहून बोलकी गोष्ट म्हणजे मुलांची जन्मस्थळे. शिरगणतीच्या तक्त्यात एका जोडप्याची सात मुले आहेत आणि सातही जण निराळ्या गावी, पुष्कळदा निराळ्या परगण्यात जन्मली आहेत. ही गावे नकाशावर मांडली आणि बाप्तिस्म्याचे महिने शेजारी लिहिले, म्हणजे एक रस्ता दिसू लागतो. जूनमध्ये वाटाणा तोडणीच्या मुलखात, सप्टेंबरात केंट किंवा हेरफर्ड परगण्यात, जेथे बिअरसाठी लागणारी हॉपची फुले खुडण्यास हजारो हात लागत. हिवाळ्यात लंडनच्या बॅटरसीसारख्या वस्तीतील एखाद्या मोकळ्या आवारात, गाड्या उभ्या करून. ‘निरुद्देश भटकणारे’ असे ज्यांना कायद्याने म्हटले, त्यांच्या मुलांचे जन्म असे हंगामाच्या बरहुकूम झालेले दिसतात. शेतकऱ्याला त्यांचे हात सप्टेंबरात हवे असत, ऑक्टोबरात त्यांची गाडी नको असे. ऊसतोडणीच्या टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना अधिक सांगणे नलगे.

आणि तरीही कित्येक ठिकाणी माग तुटतो. १८४१ च्या शिरगणतीत कोठारे, छपऱ्या, तंबू आणि उघडे आकाश यांखाली झोपलेल्यांची संख्या मोजली गेली. नावे बहुधा लिहिली गेली नाहीत. एवढे पुरुष, एवढ्या बायका, संपले! पुढच्या शिरगणत्यांत नावे येऊ लागतात, पण नोंदणी करणारा कारकून पाल्यांपर्यंत चिखल तुडवीत जाण्याऐवजी दुरूनच विचारून लिही, आणि ‘नाव माहीत नाही, जन्मस्थान माहीत नाही’ अशा ओळी राहत. चर्चच्या वहीत पाद्री कधी मुलाच्या बापाचे नाव लिही आणि पुढे ‘एक जिप्सी’, ‘फिरता कल्हईवाला’, ‘ठावठिकाणा नसलेला’ असे जोडी. त्या पाद्र्याच्या मनात तुच्छता असेल. पण त्याच्या त्या दोन शब्दांमुळेच आज दोनशे वर्षांनी एका पणतीला आपला पणजोबा सापडतो. न्यायाधीशापुढील खटल्यांचे रजिस्टर, वर्तमानपत्रातील ‘जिप्सींना दंड’ अशा मथळ्याच्या चार ओळी, तुरुंगाची वही, ही सारी अशीच साधने आहेत. ज्या दिवशी पूर्वजाला पकडले, त्याच दिवशी त्याची उंची, डोळ्यांचा रंग आणि वय कोणीतरी लिहून ठेवले. एरव्ही ते कोणी लिहिले असते?

यांपैकी एका साधनाकडे मी तुमचे मुद्दाम लक्ष वेधतो. १८७१ साली ब्रिटनमध्ये पायी फेरी करणाऱ्यांसाठी एक कायदा झाला. पाठीवर माल घेऊन दारोदार विकणाऱ्याने पोलिसांकडून दाखला घ्यावा, त्याची फी पाच शिलिंग; त्यासाठी त्याचे वर्तन चांगले असावे आणि अर्ज करण्यापूर्वी महिनाभर तो त्याच पोलीस-हद्दीत राहिलेला असावा. ज्याचा धंदाच फिरण्याचा, त्याने आधी महिनाभर एका जागी राहून दाखवावे! त्या दाखल्यांची काही रजिस्टरे परगण्यांच्या दप्तरखान्यांत शिल्लक आहेत आणि शोधकांना ती उपयोगी पडतात. त्याच १८७१ साली त्याच राज्यसत्तेने हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि १९११ च्या कायद्याने तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात पसरला. तेथे फिरणाऱ्याला दाखला घ्यावा लागे. येथे जन्मलेल्या मुलाचे नाव थेट गुन्हेगारांच्या रजिस्टरात जाई. दोन्ही कायदे एक होते असे मी म्हणत नाही. येथला कायदा कितीतरी क्रूर होता आणि तो ३१ ऑगस्ट १९५२ पर्यंत चालला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणाआड ज्यांची वडीलधारी माणसे राहिली, त्यांचे वंशज उद्या आपल्या पूर्वजांचा शोध करू लागले तर त्यांनाही प्रथम पोलिसांची हजेरीची वहीच उघडावी लागेल.

इंग्लंडातही कुंपणे झाली. न्यू फॉरेस्ट नावाच्या मोठ्या अरण्यात रोमानी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत. १९२६ पासून त्यांना ठरवून दिलेल्या काही आवारांतच राहण्याची सक्ती झाली आणि पुढे तीही आवारे मोडून त्यांना घरांत हलविण्यात आले. त्या लोकांचे वंशज आज तेथील पत्ते शोधतात.

पोलिसांच्या आणि पाद्र्यांच्या वह्यांखेरीज तिसरी वही विद्वानांची आहे. १८८८ साली ब्रिटनमध्ये रोमानी भाषा व चालीरीती यांच्या अभ्यासासाठी ‘जिप्सी लोअर सोसायटी’ स्थापन झाली. तिच्या सभासदांनी पालांतून हिंडून शब्द, गाणी, छायाचित्रे आणि घराण्यांच्या वंशावळी जमविल्या. त्यांतील पुष्कळ संग्रह लिव्हरपूल विद्यापीठात आहे. त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु त्यांतील कित्येकांना ‘शुद्ध’ रोमानी रक्ताचे वेड होते. ज्याची आई बाहेरची तो अर्धा, ज्याची आजी बाहेरची तो पाव, आणि मिश्र रक्ताच्या माणसाची बोलीही भ्रष्ट आणि नीतीही भ्रष्ट, असा त्यांचा हिशेब असे. अनुलोम, प्रतिलोम आणि संकर हे शब्द ज्यांच्या पाठीवर वळ उठवून गेले आहेत, त्यांना हे गणित नवीन नाही.

हे गणित कोठे जाऊन पोहोचले, ते सांगितल्याशिवाय वंशशोधनाविषयी बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९३६ साली बर्लिनमध्ये डॉक्टर रॉबर्ट रिटर याच्या हाताखाली एक संशोधनशाखा सुरू झाली. तिचे काम एकच: जर्मनीतील सर्व रोमानी व सिंती लोकांच्या वंशावळी तयार करणे. एव्हा युस्टिन नावाची त्याची सहायिका रोमानी बोलत असे. मुलांशी गोड बोलून ती त्यांच्या आजीपणजीची नावे विचारी. चर्चच्या वह्या पाहिल्या, डोकी मोजली, रक्त घेतले. ज्याच्या सोळा खापरपणजोबा-खापरपणज्यांपैकी दोघे रोमानी ठरतील तो मिश्र रोमानी, असा निकष ठरला. सुमारे चोवीस हजार माणसांविषयी असे अभिप्राय लिहून झाले. मग १६ डिसेंबर १९४२ रोजी हिमलरचा हुकूम निघाला आणि त्यानुसार ऑश्विट्झला नेण्यात आलेल्या सुमारे तेवीस हजार रोमानी-सिंती माणसांपैकी बहुतेक तेथेच मेली. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री शिल्लक राहिलेल्यांपैकी चार हजारांहून अधिक जणांना, त्यांत म्हातारी माणसे आणि मुले पुष्कळ होती, विषारी वायूने मारण्यात आले. युद्धानंतर रिटरला शिक्षा झाली नाही. हा वंशसंहार होता हे पश्चिम जर्मनीच्या सरकारने मान्य केले ते १९८२ साली.

तेव्हा एखादा सुशिक्षित तरुण वही-लेखणी घेऊन पालापाशी येतो आणि “आजी, तुमच्या आईचे माहेरचे नाव काय?” असे विचारतो, तेव्हा ती आजी गप्प राहते यात नवल काय? त्या तरुणाचा हेतू चांगला आहे हे तिला कसे कळावे? म्हणूनच १९९४ साली इंग्लंडात रोमानी आणि ट्रॅव्हलर घराण्यांच्या इतिहासासाठी त्याच लोकांची आणि त्यांच्या वंशजांची एक संस्था निघाली, या गोष्टीला मी मोठे महत्त्व देतो. वह्या त्याच आहेत. लेखणी धरणारा हात बदलला आहे.

आता आयर्लंडचा मुद्दा. आपल्या शिक्षिकेचा माग आयर्लंडकडे गेला असता तर सारीच पद्धत बदलली असती. तेथे सर्वांच्या जन्म-मृत्यूची नोंद १८६४ पासून आहे. १८२१ ते १८५१ च्या शिरगणतीचे बहुतेक कागद डब्लिनच्या दप्तरखान्याला जून १९२२ मध्ये लागलेल्या आगीत भस्म झाले, आणि पुढील चार शिरगणत्यांचे कागद सरकारनेच नष्ट केले होते. पूर्ण उरल्या त्या १९०१ आणि १९११ च्या. तेथील ट्रॅव्हलर लोक पत्र्याची भांडी करीत आणि डागडुजी करीत. त्यांची स्वतःची बोली आहे, तिच्यात कित्येक आयरिश शब्द उलटसुलट करून घेतलेले आहेत. दाराला आयरिशमध्ये ‘दोरस’, तर त्यांच्या बोलीत ‘रोडस’. बाहेरच्याला कळू नये म्हणून केलेली ही युक्ती आहे. लोक समजत की हे १८४५ च्या दुष्काळात जमिनी गमावलेल्या शेतकऱ्यांचे वंशज. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासाने दाखविले की ते मूळचे आयरिशच आहेत, रोमानींशी त्यांचा संबंध नाही. पण स्थायिक आयरिश लोकांपासून ते वेगळे पडले त्याला निदान तीन-साडेतीनशे वर्षे झाली, म्हणजे दुष्काळाच्या कितीतरी आधी. त्याच वर्षी १ मार्चला आयर्लंडच्या पंतप्रधानांनी संसदेत त्यांना स्वतंत्र वांशिक समाज म्हणून मान्यता जाहीर केली.

येथे लाळेच्या चाचणीविषयी दोन शब्द. आता कंपन्या नळीत थुंकी घेऊन माणसाचे पूर्वज कोठले ते टक्क्यांत सांगतात. शिक्षिकेला दक्षिण आशियाचा एखादा टक्का निघाला तर तो रोमानी पूर्वजाचा असू शकेल, ईस्ट इंडिया कंपनीच्या काळी हिंदुस्थानात नोकरी केलेल्या एखाद्या सोल्जराच्या देशी बायकोचाही असू शकेल. काहीच निघाले नाही तरी शंका फिटत नाही. सहा पिढ्यांपूर्वीच्या चौसष्ट पूर्वजांपैकी एकाचा अंश आज अगदी नाममात्र उरलेला असू शकतो. आणि आयरिश ट्रॅव्हलराच्या नातवाला ती चाचणी आशिया दाखविणारच नाही.

स्कॉटलंडविषयी एवढेच सांगतो की, तेथे सुमारे १९४० ते १९८० या काळात ट्रॅव्हलर कुटुंबांना ‘सुधारण्या’साठी निकृष्ट झोपड्यांत वसविण्याचे जे प्रयोग झाले, त्यांतील पिटलॉक्रीजवळची वसाहत कुप्रसिद्ध आहे. अर्धगोल पत्र्याच्या त्या खोपटात वीज नव्हती. ‘ऐकले नाही तर मुले काढून नेऊ’ ही धमकी होती, आणि मुले नेलीही. २५ जून २०२५ रोजी स्कॉटलंडच्या मुख्यमंत्र्यांनी पार्लमेंटात याबद्दल माफी मागितली. मुले नेली म्हणजे वंशावळीची दोरीच कापली. अशा माणसाला पन्नाशीनंतर आपली आई कोण हे दत्तकाच्या कागदांतून शोधावे लागते.

आता शेवटचा आणि मला सर्वांत अवघड वाटणारा प्रश्न. समजा, शिक्षिकेला सापडले. बाप्तिस्म्याच्या वहीत शब्द आहे, मुलांच्या जन्मगावांचा रस्ता जुळतो, नावे जुळतात, आजीचा शब्द जुळतो. मग ती कोण झाली?

कायद्याने याचे उत्तर कसे दिले पाहा. १९६७ साली एका खटल्यात इंग्लंडच्या वरिष्ठ न्यायालयाने सांगितले की रस्त्यांच्या कायद्यातील ‘जिप्सी’ म्हणजे वंश नव्हे, तर भटके जीवन जगणारा, ठराविक धंदा आणि ठराविक घर नसलेला माणूस. कारण रस्त्यावर गाडी लावली म्हणून शिक्षा करायची होती. १९८८ साली लंडनमधील एका दारूच्या गुत्त्यावर ‘ट्रॅव्हलरांना प्रवेश नाही’ अशी पाटी लागली होती; त्या खटल्यात अपील न्यायालयाने सांगितले की जिप्सी हा वंशभेदविरोधी कायद्याखाली संरक्षण मिळणारा एक वांशिक समाज आहे, कारण पुष्कळ जण घरांत राहू लागले तरी समान उगमाची जाणीव त्यांच्यात टिकून आहे. आणि पुढे २०१५ साली सरकारने जागावाटपाच्या धोरणात व्याख्या बदलून असे ठरविले की म्हातारपणामुळे किंवा आजारपणामुळे जो कायमचा फिरायचा थांबला, तो गाडी लावण्याच्या जागेपुरता जिप्सी नव्हे. आयुष्यभर जिला ‘जिप्सी’ म्हणून हाकलले ती बाई पाय थकल्यावर जागा मागू लागली, तेव्हा तिला सांगण्यात आले की तू आता जिप्सी राहिली नाहीस! २०२२ मध्ये अपील न्यायालयाने ही व्याख्या भेदभाव करणारी ठरविली आणि डिसेंबर २०२३ मध्ये सरकारला ती बदलावी लागली.

माझे मत मी लपवीत नाही. शिक्षिकेने आपल्या पणजीचे नाव अभिमानाने घ्यावे, घराण्याच्या कागदात ‘रोमानी’ हा शब्द स्पष्ट लिहावा, आणि जेथे पुरावा अपुरा आहे तेथे ‘बहुधा’ हा शब्दही तितक्याच स्पष्टपणे लिहावा. परंतु रस्त्याकडेला गाडी लावून आज जी बाई पोलिसांची वाट पाहते आहे, तिची जागा शिक्षिकेला वंशावळीच्या जोरावर घेता येणार नाही. ज्याला हाकलले गेले नाही त्याने हाकललेल्याच्या वतीने बोलण्यापूर्वी त्याला बोलू द्यावे. दुसऱ्या बाजूने, पुरावा नाही म्हणून नाते नाही, असे म्हणणाऱ्या कागदपंडितालाही मी विचारीन की, नाव न लिहिता डोकी मोजणाऱ्या वहीत तुला पुरावा हवा तरी कोणाचा?

हे नाते आपणहून आपल्यापर्यंत चालत आल्याचे एक उदाहरण मात्र मला ठाऊक आहे. मघाशी मी रोमानी लोकांच्या दूरच्या नात्याविषयी सावध केले होते. हंगेरीतील काही रोमानी कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांचे चरित्र आणि लेखन वाचले, ‘जय भीम’ म्हणून ते बौद्ध झाले, आणि २००७ साली त्या देशाच्या उत्तरेकडील शायोकाझा नावाच्या खेड्यात रोमानी मुलांसाठी डॉ. आंबेडकरांच्या नावाने त्यांनी शाळा काढली. हजार वर्षांपूर्वीच्या रक्ताचा दाखला त्यांनी कोणाकडे मागितला नाही. वर्गात मागच्या बाकावर बसविलेल्या मुलांचे दुःख त्यांना ओळखीचे वाटले, एवढे त्यांना पुरले.

ब्रिटनविषयी एक गोष्ट राहिली. २०११ च्या शिरगणतीत इंग्लंड आणि वेल्सच्या तक्त्यावर ‘जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर’ असा चौकोन प्रथमच छापला गेला. १८४१ मध्ये ज्यांची नावे लिहिली नाहीत, त्यांच्या वंशजांना आपण कोण हे स्वतःच्या हाताने लिहिण्याची सोय झाली. सुमारे अठ्ठावन्न हजार माणसांनी त्या चौकोनात खूण केली. त्या लोकांच्या संघटना म्हणतात, खरी संख्या याच्या कित्येक पटींनी मोठी आहे. बाकीच्यांनी, तक्ता हातात घेऊन बराच वेळ बसल्यावर, दुसऱ्याच चौकोनात खूण केली.